काळ्या मातीतील विजेचा हिशेब
(पालक मेळाव्यातील भाषण)

 

अरुंद जागेत कोंडलेल्या क्षारांच्या मिश्रणात विद्युतभार कसे वागतात, हा विषय ऐकून कोणीही विचारील की याचा हिंगोली जिल्ह्याशी काय संबंध? संबंध आपल्या पायाखालीच आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिचे चिकणकण पापुद्र्यांसारखे असून त्यांवर ऋणभार असतो. दोन पापुद्र्यांमधल्या पाण्यात सोडियम आणि कॅल्शियमचे धनभारित कण, म्हणजे आयन, कोंडलेले असतात. सोडियमवर एक भार, कॅल्शियमवर दोन.

पापुद्रा आयनांना ओढतो, तर उष्णता त्यांना विखुरते. या ओढाताणीचे समीकरण फ्रान्सच्या गुई यांनी १९१० मध्ये व इंग्लंडच्या चॅपमन यांनी १९१३ मध्ये मांडले. सोडियम अधिक असेल तर आयनांचा थर जाड होतो, पापुद्रे एकमेकांना दूर लोटतात, माती विस्कटून छिद्रे बुजतात व पाणी मुरत नाही. हीच चोपण जमीन. कॅल्शियम असेल तर थर आकसतो आणि माती रवाळ राहते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, तेथेही ॲल्युमिनियमचा तिहेरी भार कामी येतो.

मात्र त्या समीकरणात आयन म्हणजे नुसते बिंदू मानले होते व एका आयनाचा दुसऱ्यावर होणारा प्रत्यक्ष परिणाम सोडून दिला होता. त्यामुळे समान भाराचे पापुद्रे एकमेकांना लोटणारच, असे उत्तर येई. १९८४ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी संगणकावर एकेका आयनाचा हिशेब केला, तेव्हा मध्ये दुहेरी भाराचे आयन असल्यास तेच पापुद्रे एकमेकांकडे ओढलेही जातात, असे दिसले. कॅल्शियमयुक्त माती ठरावीक मर्यादेपलीकडे का फुगत नाही, हे त्यावरून उमगते.

आता मिश्रणाचा हिशेब पाहू. पाणी-परीक्षणाच्या अहवालात 'सोडियम अधिशोषण गुणोत्तर' असते. कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या बेरजेचे निम्मे करून त्याचे वर्गमूळ काढावे व त्याने सोडियमला भागावे. सोडियम ८ आणि ती बेरीज ८ असेल, तर निम्मे ४, वर्गमूळ २, उत्तर ४. शेतात हेच पाणी आटून चौथाई उरले तर आकडे ३२ आणि ३२ होतात. निम्मे १६, वर्गमूळ ४, उत्तर ८. क्षार तेच, प्रमाण तेच, पण धोका दुप्पट! पाणी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचे असो की बोअरचे, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. निचरा नसेल तर बापजाद्यांची जमीन हळूहळू चोपण होते. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला हटवते; पण जिप्सम किती टाकावे हे माती-परीक्षणानंतरच ठरते आणि हटलेले सोडियम वाहून नेण्यास चर लागतात.

पालकहो, अहवाल घरी येतो, पण तो वाचणारे घरात कोणी नसते. मुलीला एवढे गणित कशाला, या प्रश्नाचे उत्तर त्या वर्गमूळात आहे. विद्यार्थी मित्रांनो, पेरणीपूर्वी माती व पाणी तपासून घ्या, आकडे स्वतः मांडा आणि वडिलांना समजावून सांगा. शेजारी परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे; त्याची पायरी आपल्या मुलामुलींनी चढावी. इल्म घरात आले तर जमीनही वाचेल.