गाडी तापते, पण कधी?



हरसूलहून गिरणाऱ्यामार्गे नाशिकला यायचं म्हणजे वाटेत वाघेरा घाट लागतो. २००४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी त्या भागात शिक्षक होतो आणि माझ्याकडे एक जुनी, दुसऱ्या हातची डिझेल जीप होती. एका दुपारी जवळच्या पाड्यावरचे आईबाप तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन दारात आले. त्याला नाशिकला हलवायला सांगितलं होतं. मी लगेच जीप काढली.

घाटात तापमापकाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. मला तो दिसत होता, बरं का! पण मनात म्हटलं, दोन वळणं राहिलीत, माथ्यावर थांबू. दुसऱ्या वळणावरच बॉनेटमधून वाफ उसळली. घाईघाईत उतरलो आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळत्या पाण्याचा फवारा मनगटावर आला. त्याचा डाग आजही आहे. सुदैवाने मागून एसटी आली. ते कुटुंब तिच्यातून पुढे गेलं आणि मूल बरंही झालं. पण एसटी आली नसती तर, हा प्रश्न काही मनातून जात नव्हता.

जीप तापत होती, हे मला आधीपासून ठाऊक होतं. इलाजही चालू होते. एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकला, दुसऱ्याने वॉटर पंप बदलला, तिसऱ्याने फॅन बेल्ट. पैसे जात राहिले, ताप काही उतरला नाही. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. म्हणाले, “गुरुजी, गाडी तापते हे कळलं. पण कधी तापते?”

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारलाच नव्हता. आजचं माझं सगळं सांगणं त्या एका प्रश्नाभोवती आहे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची जेमतेम एक तृतीयांश शक्ती चाकांकडे जाते. जवळपास तेवढीच उष्णता धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेली मुख्यतः पाण्याला वाहून न्यावी लागते. पंप पाणी फिरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते निवतं, पंखा हवा ओढतो. या साखळीतली कोणती कडी निसटली, ते गाडी केव्हा तापते त्यावरून बरंचसं कळतं.

बाजाराच्या गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की निवते? मग पंखा पाहा. पद्मिनी, अ‍ॅम्बॅसॅडर यांसारख्या गाड्यांत पंखा पट्ट्यावर चालतो. पट्टा सैल झाला की तो मंदावतो. मारुती ८०० मध्ये तो विजेवर चालतो. तिथे फ्यूज, तारा आणि पंखा सुरू करणारा स्विच तपासा. उलट, उभी असताना ठीक, पण चढावर किंवा वेगात तापते? मग संशय रेडिएटरवर. त्याच्या जाळीत चिखल, किडे, गवताचं तूस अडकलं असेल किंवा आतल्या नळ्या क्षाराने बुजल्या असतील. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहिला तरी इंजिनावर ओझं पडतं, हेही विसरू नका.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा चढला आणि खालचा होज पाइप गारच राहिला, तर थर्मोस्टॅट मिटलेला अडकला असण्याची शक्यता मोठी. आणि पाणी रोज कमी होतंय, पण गळती कुठे दिसत नाही? मग डिपस्टिक काढून पाहा. ऑइल दुधाळ झालं असेल, गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल किंवा रेडिएटरच्या पाण्यात सारखे बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. अशी गाडी पुढे रेटू नका. हेड वाकलं की खर्च कित्येक पटींनी वाढतो.

माझी जीप फक्त चढावर तापत होती. मिस्त्रींनी ती थोडा वेळ पळवून आणली, इंजिन बंद केलं आणि रेडिएटरची जाळी ठिकठिकाणी चाचपून पाहिली. वरचा भाग गरम, खालचा एक कोपरा जवळजवळ गार. तेवढ्या नळ्यांतून पाणीच जात नव्हतं. रेडिएटर पितळी होता. टाकीचा झाळ सोडवून नळ्यांतून सळई फिरवली, तेव्हा पांढरा खर आणि गंजाचा गाळ निघाला. मी वर्षानुवर्षं ओतलेलं बोअरचं पाणी ते!

मग त्यांनी नवा थर्मोस्टॅट बसवला. मी म्हटलं, “काका, तो तर काढून टाकतात ना?” ते हसले. थर्मोस्टॅटमधलं मेण साधारण ८२ अंशांना वितळून फुगतं आणि पाण्याची वाट उघडते. तो काढला की इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त जळतं. आणि काही इंजिनांत तर थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं. खराब असेल तर बदलायचा. शंका असेल तर तो दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात टांगायचा आणि पातेलं चुलीवर ठेवायचं. उकळी येण्याआधी उघडला तर ठीक, उकळलं तरी उघडला नाही तर निकामी.

“आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?” असं पुष्कळजण म्हणतात. कूलंट गंज रोखतं आणि पाण्याचा उकळबिंदूही वाढवतं. ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावं. मात्र ते विषारी असतं आणि चवीला गोडसर. काढलेलं कूलंट लेकरांच्या किंवा जनावरांच्या वाटेत ओतू नका. अडचणीच्या वेळी साधं पाणी चालतं, पण घरी पोचल्यावर ते बदला. हरसूलच्या परिसरात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बायाबापड्या लांबून हंडे वाहतात. त्या दिवशी घाटात माझ्या जीपसाठी एका बाईने आपला हंडा रिता केला होता. तेव्हापासून घाटात निघताना मी पाण्याचा कॅन घरूनच घेतो.

आता माझ्या मनगटावरच्या डागाबद्दल. झाकण बंद असताना आत दाब असतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि त्याच पाण्याची क्षणात वाफ होते. म्हणून काटा चढू लागताच एसी बंद करा, गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण चालू करा आणि सुरक्षित जागा पाहून थांबा. वाफ दिसली तर इंजिन बंद. किमान अर्धा तास वाट पाहा. वरचा होज पाइप गार आणि दाबल्यावर मऊ लागला, तरच जाड फडकं घेऊन झाकण सावकाश सैल करा. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतू नका; धातू तडकतो.

ती जीप पुढे कैक वर्षं वाघेरा घाट चढली. आता ती नाही. पण कोणी “गाडी तापते हो” म्हणालं, की मी मिस्त्रींचाच प्रश्न विचारतो. तुम्हीही गॅरेजमध्ये जाण्याआधी दोन दिवस लक्ष ठेवा आणि कागदावर लिहून न्या : उभी असताना की चढावर, सुरू करताच की तासाभराने, पाणी कमी होतं की नाही. आणि आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.