जुन्या संगणकाचे दोन स्वर

१९८१ सालच्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये विक्रीस आलेला 'बीबीसी मायक्रो' नावाचा संगणक चालू केला, की दोन स्वर ऐकू येतात. पहिला खालच्या पट्टीतला, काहीसा लांबलेला. त्याच्या पाठोपाठ दुसरा, वरच्या पट्टीतला आणि आखूड. ज्या पिढीने शाळेत हे यंत्र हाताळले, तिच्या कानांत ते स्वर अद्याप आहेत. परंतु ते स्वर म्हणजे काही स्वागताची घंटा नव्हे, हे त्या मुलांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पहिल्या आणि दुसऱ्या स्वराच्या मध्ये जो क्षण जातो, त्यात यंत्र शुद्धीवर आले की नाही ह्याचा निकाल लागतो. आज चाळीसहून अधिक वर्षांनी असे यंत्र माळ्यावरून खाली काढून घरच्या मेजावर दुरुस्त करू पाहणाऱ्या हौशी माणसाला ह्या दोन स्वरांइतका भरवशाचा सल्लागार दुसरा मिळणे कठीण.

ह्या यंत्राची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. सामान्य नागरिकाला संगणकाची ओळख करून द्यावी, असे ब्रिटनच्या नभोवाणी संस्थेने मनावर घेतले. त्या योजनेसाठी केंब्रिजच्या एकॉर्न ह्या लहानशा कंपनीने हा संगणक सिद्ध केला. जानेवारी १९८२ मध्ये त्याच्या जोडीला दूरचित्रवाणीवर व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे पंधरा लाखांच्या आसपास यंत्रे खपली. त्याचा प्रोसेसर ६५०२ ह्या जातीचा, ताल सेकंदाला वीस लाख ठोक्यांचा, आणि 'मॉडेल बी'ची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आजच्या एका छायाचित्रालाही ती पुरणार नाही. तथापि आज ज्या 'आर्म' जातीच्या प्रोसेसरवर जगातले बहुतेक सर्व मोबाइल फोन चालतात, त्याच्या आज्ञासंचाची पहिली चाचणी सोफी विल्सन ह्यांनी बीबीसी मायक्रोवरच, त्याच्या बेसिक भाषेत घेतली होती. भारताशीही त्याचे नाते आहे. १९८४ साली आपल्या माध्यमिक शाळांतून संगणकशिक्षणाची 'क्लास' योजना निघाली, ती ह्याच यंत्राच्या आधारावर. आणि मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स ह्या सरकारी कारखान्याने रीतसर परवाना घेऊन त्याची 'युनिकॉर्न' नावाची आवृत्ती तयार केली. तेव्हा एखाद्या भारतीय शाळेच्या अडगळीच्या खोलीतही हे यंत्र सापडू शकते.

असे यंत्र हाती आले, की धूळ पुसून त्याची दोरी भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचावी आणि काय होते ते पाहावे, असा मोह कोणालाही होतो. तो आवरणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय. वीस वर्षे निजलेल्या यंत्राने जे सोसलेले नसते, ते त्या पहिल्या मिनिटात त्याला सोसावे लागते.

डाव्या बाजूला असलेल्या धातूच्या डब्यात वीजपुरवठ्याचा भाग असतो. घरातली वीज डब्यात शिरते त्या तोंडाशीच विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन कागदी कंडेन्सर बसवलेले आहेत. ते पारदर्शक, पिवळट राळेत ओतलेले असतात. कालांतराने त्या राळेला केसासारख्या बारीक भेगा पडतात, भेगांतून हवेतला ओलावा आतल्या कागदापर्यंत पोचतो, आणि मग एके दिवशी, कधी चालू करताच तर कधी अर्ध्या तासाने, मोठा आवाज होऊन खोलीभर उग्र वासाचा दाट धूर पसरतो. गंमत अशी, की हे सर्व होऊनही संगणक पुष्कळदा चालूच राहतो, कारण त्या कंडेन्सरांचे काम केवळ गाळणीचे असते. पण जवळ बसलेल्या माणसाचा धीर मात्र सुटतो, आणि यंत्र कायमचे कचऱ्यात जाते. भेगा दिसोत वा न दिसोत, हे दोन कंडेन्सर नव्याने बसवावेत, आणि बसवताना थेट घरच्या विजेवर राहण्यासाठीच बनवलेल्या वर्गाचे घ्यावेत. व्होल्टेजचा आकडा जुळतो म्हणून कोणताही कंडेन्सर तेथे डाखणे हा जिवाशी खेळ आहे.

ह्याच डब्याविषयी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणे अवश्य आहे. आतल्या मोठ्या कंडेन्सरवर यंत्र चालू असताना सुमारे ३२५ व्होल्टचा भार असतो आणि दोरी काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. ज्याने अशा भारावर पूर्वी काम केलेले नाही, त्याने हा डबा उघडू नये. एखाद्या जाणत्या रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्याकडून तेवढे काम करून घ्यावे. उरलेले यंत्र पाच व्होल्टवर चालते आणि ते कोणालाही सुरक्षितपणे तपासता येते. बीबीसी मायक्रोच्या मॉडेल बीमध्ये बॅटरी नाही, हे मोठेच सुदैव. एकॉर्नच्याच नंतरच्या काही आर्किमिडीज यंत्रांत घड्याळ चालू ठेवणारी छोटी बॅटरी बोर्डावर बसवलेली असे. ती झिरपून तांब्याच्या रेघाच्या रेघा खाऊन टाकते. तेथे विषाद करीत बसण्यापेक्षा बॅटरी तत्काळ कापून काढावी, डागावर पांढरा शिरका लावून क्षार मारावा आणि जागा नीट धुऊन वाळवावी.

वीजपुरवठा दुरुस्त झाल्यावर मल्टिमीटरने पाच व्होल्ट खरोखर पाच आहेत की नाहीत ते पाहावे. हे मापन बोर्डावर, चिपांच्या पायांजवळ घ्यावे. डब्यातून निघतानाचा आकडा चांगला असून बोर्डावरचा कमी असेल, तर दोष जोडाच्या पत्र्यांत आहे. पावणेपाच व्होल्टच्या खाली गेले, की चिपा भ्रमिष्टासारख्या वागू लागतात, आणि नवशिका माणूस त्या भ्रमाची कारणे भलतीकडेच शोधत दिवस घालवतो.

आता त्या दोन स्वरांकडे वळू. वीज मिळताच ध्वनीची चिप कोणाच्याही आज्ञेची वाट न पाहता आपण होऊन आवाज करू लागते. हा पहिला स्वर. तोवर प्रोसेसरने कायमस्वरूपी स्मृतीच्या चिपेतील आज्ञा वाचायला सुरुवात केलेली असते. त्यांपैकी एक आज्ञा तो आवाज बंद करते आणि थोड्याच वेळात दुसरा, आखूड स्वर काढते. म्हणजे पहिला स्वर निर्जीव आहे आणि दुसरा हेतुपूर्वक काढलेला आहे. वैद्याने नाडी पाहावी तसे दुरुस्ती करणाऱ्याने येथे कान द्यावेत. दोन्ही स्वर आले, पण पडद्यावर काही नाही, तर यंत्राची बुद्धी शाबूत आहे. दोष चित्राच्या विभागात, दोरीत, किंवा बिचाऱ्या जुन्या दूरचित्रवाणी संचात असेल. पहिला स्वर सुरू होऊन थांबतच नाही, तर प्रोसेसर आज्ञा वाचत नाही, किंवा त्याची आज्ञा ध्वनीच्या चिपेपर्यंत पोचत नाही. काहीच ऐकू आले नाही, तर बहुधा वीज नाही.

'बहुधा' म्हणण्याचे कारण मोठे रंजक आहे. ह्या यंत्रात चित्र घडवणारी एक खास चिप आहे. ती बाजारात मिळणारी साधी चिप नसून ह्याच संगणकासाठी बेतलेली होती. बोर्डावरच्या स्फटिकाचे सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके ती घेते आणि त्यांचे भाग पाडून निरनिराळे ताल सर्वांना वाटते. प्रोसेसर तिच्याच तालावर चालतो आणि ध्वनीची चिपही. ती मेली, तर केवळ चित्र जात नाही, सगळा वाद्यवृंदच थांबतो. पुष्कळ माणसे ह्या ठिकाणी फसतात. प्रोसेसर बदलतात, स्मृती बदलतात, आणि 'चित्राच्या' चिपेचा आपल्या दोषाशी काय संबंध, असे म्हणून तिला सोडून देतात. शिवाय ही चिप तापते फार. पूर्वीच्या काही यंत्रांत तिच्या डोक्यावर उष्णता घालवणारा धातूचा तुकडा चिकटवलेला दिसतो. तो सुटून पडला असेल, तर पुन्हा बसवल्यावाचून यंत्र फार वेळ चालवू नये.

प्रोसेसर ताल घेतो की नाही, ते त्याच्या चाळीस पायांपैकी तीन पायांवर कळते. सदतिसाव्या पायावर ताल येतो, चाळिसाव्यावर आरंभीचा इशारा येतो, आणि सातव्या पायावर प्रत्येक नवी आज्ञा घेताना ठोका पडतो. पहिले दोन ठीक असून सातवा मुका असेल, तर प्रोसेसर गेला असे समजण्यास हरकत नाही. त्याचे दुःख नाही; ६५०२ च्या घराण्यातील चिपा आजही तयार होतात. त्या चित्राच्या चिपेचे मात्र तसे नाही. मूळची ती चिप आता मिळवायची म्हणजे बहुधा दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून.

सांगायला संकोच वाटावा इतका साधा उपाय अनेक यंत्रांना पुरतो. बोर्डावरच्या बऱ्याच चिपा डाखलेल्या नसून सॉकेटमध्ये खोचलेल्या आहेत. वर्षानुवर्षे तापून आणि निवून त्या हळूहळू वर सरकतात. समुद्रकाठच्या दमट हवेत तर त्यांच्या पायांवर काळपट पुटही चढते. दोरी काढून, अंगातली स्थिर वीज जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करून घालवून, प्रत्येक चिप सपाट पात्याने दोन्ही टोकांकडून थोडी थोडी उचलावी आणि पुन्हा दाबून बसवावी. एका टोकाने उपटल्यास पाय मोडतो. आणि कोणती चिप कोणत्या बाजूला तोंड करून होती, ते आधी कागदावर लिहून ठेवावे. स्मरणावर विसंबू नये.

स्मृतीचा दोष वेगळाच दिसतो. ३२ किलोबाइट स्मृती सोळा एकसारख्या चिपांत विभागलेली आहे, आणि प्रत्येक अक्षराच्या आठ अंशांपैकी एकेक अंश एकेका चिपेच्या वाट्याला येतो. त्यामुळे एक चिप बिघडली, तर अक्षरे नाहीशी होत नाहीत, विद्रूप होतात, आणि ती विद्रूपता सगळीकडे एकाच तऱ्हेची असते. एखादी चिप बोटाला इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागली, तर चोर सापडलाच. बदली चिप आणताना मात्र एक खबरदारी घ्यावी. त्याच क्षमतेची, तितक्याच सोळा पायांची ४११६ ही चिप दिसायला अगदी सख्ख्या बहिणीसारखी असते. पण तिला बारा व्होल्टचाही पुरवठा लागतो आणि ती येथे चालत नाही.

ह्या हौशी मंडळींत एक वाद नेहमी चालतो. मूळचे भाग जपावेत, की यंत्र चालते ठेवावे? ब्लेचली पार्कच्या राष्ट्रीय संगणक संग्रहालयात बीबीसी मायक्रोंची एक रांगच शाळेतल्या मुलांना हाताळायला दिलेली आहे, आणि ते योग्यच वाटते. कळा दाबता न येणारा संगणक हा निव्वळ एक पिवळट खोका. त्या पिवळेपणाविषयीही बरीच खटपट होते. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून खोका उन्हात ठेवला, की तो पुन्हा उजळतो. प्लास्टिकच्या आयुष्यावर त्याचा परिणाम काय, ह्याबद्दल मतभेद आहेत. पण चेहऱ्याची उटणी हृदयाच्या दुरुस्तीआधी लावण्याची घाई कशाला?

खरी घाई दुसऱ्याच गोष्टीची केली पाहिजे. खोक्याबरोबर बहुधा काही कॅसेटी सापडतात. त्यांवर कोणा मुलाने लिहिलेला पहिला प्रोग्रॅम असतो, एखाद्या शिक्षकाने वर्गासाठी केलेली तालिका असते. यंत्राच्या भागांना पर्याय आहे, ह्यांना नाही. १९८६ साली बीबीसीने ब्रिटनच्या लोकजीवनाची प्रचंड नोंद दहा लाखांहून अधिक लोकांच्या साहाय्याने लेसर तबकड्यांवर केली. ती वाचायला ह्याच घराण्यातला संगणक आणि एक खास वादक लागे. पंधरा-सोळा वर्षांतच ती वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि नोंद सोडवण्यासाठी विद्यापीठांतल्या संशोधकांना झटावे लागले. ज्या १०८६ च्या नोंदवहीच्या स्मरणार्थ हा खटाटोप झाला, ती चामड्यावर लिहिलेली वही मात्र आजही वाचता येते.

कॅसेटीवरची माहिती म्हणजे निव्वळ आवाज आहे. शून्यासाठी सेकंदाला १२०० कंपनांचा स्वर, एकासाठी २४०० कंपनांचा. म्हणूनच तर हॉलंडच्या नभोवाणीवरून त्या काळी असेच प्रोग्रॅम आवाजाच्या रूपाने प्रक्षेपित होत आणि श्रोते ते टेपवर उतरवून घेत. तेव्हा संगणक दुरुस्त होण्याची वाट पाहत बसू नये. ज्या कॅसेट-वादकावर टेप वाजवायची, त्याचा रबरी पट्टा आधी तपासावा. जुना पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झालेला असतो आणि टेप गुंडाळून टाकतो. नवा पट्टा घालून, टोकाशी साचलेली धूळ स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, एखादी बिनमहत्त्वाची टेप प्रथम वाजवून पाहावी. मग महत्त्वाची टेप एकदाच, न थांबवता, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावी आणि तो सगळा आवाज आजच्या संगणकात जसाच्या तसा साठवून घ्यावा. त्यातून अक्षरे वेगळी करण्याचे काम पुढे सवडीने करता येते, हवे तितक्या वेळा.