जीन ग्रेचा हिशोब : एक्स-मेनचे चार सुटे अंक

आज चारच अंक घेणार आहे. एक्स-मेन मालिकेचे १३५ ते १३८, मुखपृष्ठावरच्या तारखेप्रमाणे जुलै ते ऑक्टोबर १९८०. लेखन क्रिस क्लेअरमाँट, चित्रं जॉन बर्न, शाई टेरी ऑस्टिन. कथानक क्लेअरमाँट आणि बर्न यांनी मिळून रचलेलं. हे सगळं आता ‘डार्क फिनिक्स’ नावाने एकत्र पुस्तकात मिळतं आणि बहुतेक जण ते एका बैठकीत संपवतात. मी मुद्दाम सुटे अंक घेतोय. तेव्हाचा वाचक एका अंकापाशी महिनाभर अडकून पडायचा, आणि त्याला नेमकं कुठे अडकवायचं हे लिहिणारे ठरवायचे.

शेवट माहीत नसेल तर इथेच थांबा, वाचून या. मी काहीच लपवणार नाही.

थोडी पूर्वपीठिका. जीन ग्रे ही १९६३च्या पहिल्या अंकापासून चमूत आहे. १९७६मध्ये ती फिनिक्स होते, अफाट शक्ती मिळते. मग एक खलनायक तिच्या मनाशी खेळत राहतो आणि १३४व्या अंकाच्या शेवटी तिचा बांध फुटतो.

१३५चा पूर्वार्ध ठीकठाक. ती आपल्याच सोबत्यांना लोळवते आणि आकाशात निघून जाते. अशी हाणामारी या मालिकेत दर दोन-तीन महिन्यांनी असतेच. पण पुढे ती दूरच्या एका ताऱ्यापाशी पोचते. भूक लागलेली आहे. ती तारा गिळते. इथे चित्र थांबलं असतं तरी चाललं असतं, कारण आकाशातला एक ठिपका विझल्याचं कुणाला काय वाटणार? बर्न मात्र आपल्याला त्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर खाली उतरवतो. तिथे डबारी नावाचे लोक राहतात. त्यांची चेहरेपट्टी आपल्यासारखी नाही, पण घाबरलेला माणूस कसा दिसतो ते त्यांच्याकडे बघून लगेच कळतं. मोजक्या चौकटींत सगळं आटोपतं. मेले किती? ५ अब्ज. आपल्या भाषेत पाचशे कोटी. जीनने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

या चार अंकांतलं सर्वात महत्त्वाचं पान माझ्या मते हेच. चंद्रावरची लढाई नव्हे, मृत्यूचं पानही नव्हे.

१३६ त्यामानाने मधला अंक आहे, आणि तसा जाणवतोही. जीन आईवडिलांच्या घरी जाते, चमू तिथे पोचतो, अखेर प्रोफेसर झेव्हियर तिची शक्ती मनातच कोंडून ठेवतात. लक्षात राहतो तो वुल्व्हरिन. नखं बाहेर काढून तो झेप घेतो, ती त्यालाच मारून टाकायला विनवते, आणि त्याचा हात क्षणभर अडखळतो. पूर्ण मालिकेत ज्याला कशाचीच भीड नाही त्या माणसाचा हात अडखळतो. तेवढ्याने वेळ निघून जाते.

आता १३७. जवळपास दुप्पट पानांचा अंक. शिआर साम्राज्य जीनचा जीव मागतं, झेव्हियर द्वंद्वाचं आव्हान देतात. लढाईच्या आदल्या रात्री प्रत्येक जण एकटा बसून विचार करतो, आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या चौकटी मिळतात. चमूच्या कॉमिक्समध्ये आठ जणांना जागा देणं ही खरी डोकेदुखी असते. सहसा दोघं बोलतात आणि बाकीचे मागे उभे राहून ठोसे मारतात. इथे सगळ्यांपुढे एकच प्रश्न आहे : आपण हिच्या बाजूने लढतोय ते ती निर्दोष आहे म्हणून, की ती आपली आहे म्हणून? सकाळी सगळे लढायला उभे राहतात. प्रश्न तसाच राहतो.

शेवटी जीन स्कॉटच्या डोळ्यांदेखत स्वतःला संपवते. हा शेवट आधी असा नव्हता. मूळ योजनेत तिची शक्ती काढून घेऊन तिला सोडून देणार होते, पानंही तयार होती. ती पुढे १९८४मध्ये वेगळ्या अंकात छापली गेली. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले की एवढ्या हत्या करून कुणी असं सुटू शकत नाही. चाहते अजूनही त्यांच्या नावाने बोटं मोडतात. मला शूटर यांचं म्हणणं पटतं, आणि त्याचा पुरावा १३५व्या अंकात आहे. डबारींचे चेहरे दाखवल्यावर त्यांचा हिशोब टाळता येत नाही. बिनचेहऱ्याचा तारा विझवला असता तर मूळ शेवट चाललाही असता.

पुढे काय झालं बघा. १९८६मध्ये प्रकाशकाने जीनला परत आणलं. खुलासा असा, की तारा गिळणारी जीन नव्हतीच, तिचं रूप घेतलेली शक्ती होती. म्हणजे गुन्हाही तिचा नाही आणि प्रायश्चित्तही तिचं नाही! सिनेमावाल्यांनी तर दोन्ही वेळा अवघड जागा वळसा घालून टाळली. २००६च्या चित्रपटात ग्रहच नाही. २०१९च्या चित्रपटात डबारी आहेत, पण त्यांचा ग्रह ती शक्ती जीनपाशी येण्याआधीच नष्ट झालेला, आणि वर तेच खलनायक! मेलेल्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की. म्हणून १३७ वाचताना पुढचं सगळं बाजूला ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. सप्टेंबर १९८०मध्ये ती मेली होती.

१३८ म्हणजे अंत्यविधी. स्कॉट कबरीपाशी उभा राहून १९६३पासूनचं सगळं आठवतो. नव्या वाचकाची सोय होते, जुन्याला मात्र उजळणी बसते; चारांत हाच अंक मला सैल वाटतो. शेवटी तो चमू सोडून निघतो. त्याच अंकाच्या अखेरीला किटी प्राइड नावाची तेरा वर्षांची मुलगी शाळेत राहायला येते. तिला यातलं काही फारसं माहीत नाही.

तिचेच दोन अंक, १४१ आणि १४२, पुढच्या वेळी घेऊ.