बर्फावरची हॉकी आणि गप्प बसण्याची किंमत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजणींना प्रश्न पडला असेल. आपल्यापुढे पोटगी, रेशन, मारहाणीच्या केसेस असे ढीगभर प्रश्न असताना कॅनडा-अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीचे, तेही तिथल्या मुलग्यांचे, आपल्याला काय करायचे? माझे उत्तर सरळ आहे. लैंगिक अत्याचाराचे मूळ बाईच्या कपड्यांत किंवा वागण्यात नसून सत्तेत असते, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. या धिप्पाड, मारामारीला न भिणाऱ्या तरुणांची हकिकत आपले हेच म्हणणे पुन्हा सिद्ध करते.

आधी व्यवस्था समजून घेऊ. नॅशनल हॉकी लीग ही सर्वात वरची पायरी. तिच्यात ३२ संघ आहेत आणि प्रत्येकाशी जोडलेला एक दुय्यम संघ अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळतो. ही दुय्यम लीग १९३६ पासून चालू आहे. कॅनडातली मुले साधारण सोळाव्या वर्षी घर सोडून ज्युनिअर लीगमध्ये जातात. अठराव्या वर्षाच्या सुमारास मोठे संघ त्यांची निवड करतात आणि बहुतेकांना आधी खालीच ठेवतात. करारच असा असतो, की वर खेळलास तर एक पगार, खाली खेळलास तर त्याहून बराच कमी. वर कधी बोलवायचे, हे प्रशिक्षक आणि व्यवस्थापक ठरवतात. म्हणजे मुलाचे खेळणे, कमाई आणि आयुष्याचे स्वप्न मूठभर माणसांच्या हातात. मुकादमाच्या मर्जीवर हजेरी अवलंबून असलेल्या मजूर बाईला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता २०१० सालची गोष्ट. शिकागो ब्लॅकहॉक्स या संघाने बाद फेरीच्या सामन्यांच्या काळात दुय्यम लीगमधल्या काही तरुणांना राखीव म्हणून वर बोलावले होते. त्यांत वीस वर्षांचा काइल बीच होता. संघाच्या व्हिडिओ प्रशिक्षकाने आपल्यावर लैंगिक अत्याचार केला आणि बोललास तर तुझे करिअर संपवीन अशी धमकी दिली, असे त्याचे म्हणणे. त्या माणसाने हे संमतीने झाल्याचा दावा केला. २३ मे रोजी वरिष्ठांची बैठक झाली. करंडक तोंडाशी आला होता, म्हणून सुमारे तीन आठवडे कोणी काही केले नाही. संघ जिंकला, मिरवणूक निघाली, तिच्यात तो प्रशिक्षकही होता. नंतर त्याला 'चौकशी की राजीनामा' असा पर्याय देण्यात आला. त्याने राजीनामा दिला आणि प्रकरण मिटले.

मिटले ते फक्त संघापुरते. तोच माणूस पुढे मिशिगन राज्यात शाळकरी हॉकीपटूंमध्ये पोहोचला. तिथल्या एका अल्पवयीन मुलाच्या बाबतीतल्या लैंगिक गुन्ह्यात त्याने २०१३ मध्ये गुन्हा कबूल केला. संस्थेने अब्रू वाचवली, त्याची किंमत दुसऱ्या एका मुलाने मोजली.

काइल बीच २०२१ मध्ये आधी नाव न लावता कोर्टात गेला आणि ऑक्टोबरमध्ये उघडपणे बोलला. तेव्हा चौकशी अहवाल बाहेर आला, संघाला २० लाख डॉलर दंड झाला, व्यवस्थापकाला जावे लागले. बीच मात्र त्या वरच्या लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. आणि मिशिगनच्या मुलाची जाहीर माफी मागितली ती याने! ज्यांनी मागायला हवी होती ते अकरा वर्षे गप्प होते. 'मीच तेव्हा बोलायला हवे होते' हा अपराधीपणा आपण समुपदेशन केंद्रात रोज ऐकतो ना?

हे एकच प्रकरण नव्हे. १९९६ मध्ये शेल्डन केनेडी या खेळाडूने ज्युनिअर लीगमधल्या आपल्या प्रशिक्षकाविरुद्ध तोंड उघडले. १९९७ मध्ये त्या प्रशिक्षकाला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. देश हादरला. तरीही २०१० घडलेच. एक गुन्हेगार तुरुंगात गेला, पण मर्जीची ती शिडी जशीच्या तशी उभी राहिली.

या शिडीखाली बायकाही आहेत. सोळा वर्षांची मुले परगावी कोणाच्या तरी घरी राहतात. महिन्याला थोडे पैसे मिळतात, पण सकाळचा नाश्ता, रात्री उशिरा सामन्याहून आलेल्यांचे जेवण, आजारपण, घरची आठवण, हे सगळे त्या घरातली बाई पाहते. खेळाच्या हिशोबात तिचे श्रम कुठेच नाहीत. मुलींना तर ही शिडीच बंद होती. १९८५ मध्ये टोरांटोच्या जस्टिन ब्लेनी या बारा वर्षांच्या मुलीला मुलांच्या संघात खेळण्यासाठी कोर्टात जावे लागले. खेळात लिंगभेद करायला मोकळीक देणारे कायद्यातले कलम १९८६ मध्ये अपील कोर्टाने रद्द केले. पण सर्व खेळाडूंना पगार देणारी आजची महिला लीग सुरू व्हायला जानेवारी २०२४ उजाडले.

आता आपल्याकडे वळू. जानेवारी २०२३ मध्ये महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या. एप्रिलमध्ये त्यांना पुन्हा बसावे लागले आणि सुप्रीम कोर्टात गेल्यानंतरच गुन्हा नोंदला गेला. ऑलिंपिक पदक मिळवलेल्या बाईची ही गत, तर जिल्हा पातळीवरच्या, वसतिगृहात राहून सराव करणाऱ्या मुलीचे काय?

कायदा काय देतो ते पाहा. २०१३ च्या कायद्याने क्रीडा संस्था, मैदान, प्रशिक्षणाचे निवासी ठिकाण यांना कामाची जागा मानले आहे. तिथे तक्रार करता येते, पण तीन महिन्यांत. समितीला वाटले तर आणखी तीन महिने. बीचला अकरा वर्षे लागली, हे विसरू नका. अठरा वर्षांखालील मुलगा-मुलगी दोघांनाही पोक्सोचे संरक्षण आहे आणि माहिती असून पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. मात्र वीस वर्षांच्या मुलाचे काय? २०१३ चा कायदा फक्त स्त्रीची तक्रार घेतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच आहे आणि जुन्या ३७७ कलमातला जबरदस्तीचा भागही उरलेला नाही. स्त्रियांच्या कायद्याला धक्का न लावता ही पोकळी भरा, अशी मागणी स्त्री संघटनांनीच करायला हवी. पुरुषांच्या नावाने आपले कायदे पातळ करू पाहणारे ती करणार नाहीत.

शेवटी कामाचे. आपल्या तालुक्यातल्या क्रीडा संस्थेत, प्रबोधिनीत, वसतिगृहात जा. अंतर्गत समिती आहे का, बाहेरच्या सदस्या कोण आहेत, त्यांची नावे मुलींना दिसतील अशी लावली आहेत का, हे विचारा. तक्रार ऐकणारा आणि संघ निवडणारा माणूस एकच आहे का, ते पाहा. एखादा प्रशिक्षक अचानक राजीनामा देऊन गेला असेल तर का गेला आणि आता कुठे शिकवतो, याचा पाठपुरावा करा. मुलींशी बोलाल तेव्हा मुलांशीही बोला. रडायचे नाही, सांगायचे नाही, हे मर्दानगीचे धडे त्यांनाही गप्प करतात. आणि त्या गप्प बसण्याचा फायदा नेहमी वर बसलेल्यांनाच होतो.