आधी ऐकावे, मग नेम धरावा



साहित्याच्या व्यासपीठावर डॉक्टरला बोलावले की तो पथ्य सांगणार, अशी धास्ती तुम्हांला वाटत असेल. आज मी पथ्य सांगणार नाही. माझी एक चूक सांगणार आहे.

आपल्या औद्योगिक वसाहतीत कास्टिंग घासण्याचे काम करणारे एक गृहस्थ झोप येत नाही म्हणून माझ्याकडे येत. मी विचारी, ते मान हलवीत. तहान फार लागते? होय. उकाडा सोसत नाही? होय. आमच्या होमिओपॅथीत असे तपशील फार लागतात. मी ते भराभर लिहून घेई. तीन महिने औषध चालले, फरक काही पडेना. चौथ्या महिन्यात त्यांची मुलगी सोबत आली. माझे दोनच प्रश्न झाले असतील, तोच ती म्हणाली, "डॉक्टर, अप्पांना कमी ऐकू येतं. उजव्या कानानं तर फारच कमी. तुम्ही भरभर बोलता, मग ते लाजून होय म्हणतात. कानात रात्रभर शिट्टी वाजते, म्हणून झोप नाही."

मी त्यांना त्याच आठवड्यात कानाच्या तज्ज्ञाकडे पाठवले. कारखान्यातला 85 डेसिबलच्या वरचा आवाज आठ-आठ तास, वर्षानुवर्षे कानावर पडला की अंतःकर्णातल्या केसांसारख्या नाजूक पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. 4000 हर्ट्झच्या आसपासचे उंच सूर आधी जातात. त्यामुळे माणसाला आवाज येतो, पण 'स' आणि 'श' यांसारखी अक्षरे निसटतात व शब्द लागत नाही. पुन्हापुन्हा "काय?" विचारण्याची लाज वाटते, म्हणून तो मान हलवतो. त्यांचे कान यंत्रांनी नेले होते. माझे कान शाबूत होते, तरी ऐकत मीही नव्हतो.

अधिक लाज याची वाटली की हे मी शिकलो होतो. हानेमान यांचा 'ऑर्गेनॉन' हा ग्रंथ 1810 साली प्रथम निघाला. रुग्णाला आपले सारे सांगू द्यावे, तो फार भरकटला तरच मध्ये बोलावे, आणि ज्याचे उत्तर होय किंवा नाही एवढेच येईल असा प्रश्न विचारू नये, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. मी हे परीक्षेत लिहिले, गुण मिळवले आणि दवाखान्यात विसरलो. आमच्या गोळ्यांविषयी जगात वाद आहेत, ते तुम्ही वाचता. ऐकण्याविषयी मात्र कोणत्याच पॅथीत वाद नाही. 1984 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर सरासरी 18 सेकंदांतच रुग्णाला मध्ये तोडतात, असे आढळले. 2002 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे डॉक्टरांना मुद्दाम गप्प बसवून पाहिले. रुग्ण सरासरी दीड मिनिटात आपणहून थांबले. दहातल्या जवळजवळ आठ जणांचे दोन मिनिटांत सांगून झाले. "वेळ कुठे आहे?" ही आमची सबब तिथे संपली.

मी जैन घरातला. आमच्यात गृहस्थाला श्रावक म्हणतात. श्रावक म्हणजे ऐकणारा. धर्माची सुरुवातच कानापासून. ऐकून झाले की व्रत घ्यायचे. 'रत्नकरंड श्रावकाचारा'त समंतभद्राचार्यांनी त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत: ठरावीक मुदतीचा तो नियम, आजन्म पाळायचा तो यम. आपल्या मराठीत या नियमाचा 'नेम' झाला. आणि गंमत पाहा, नेम म्हणजे रोजचे व्रत आणि नेम म्हणजे बाण सोडण्यापूर्वी धरलेला रोखही. ध्येय आणि ते पाळण्याची रोजची रीत, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो.

याचे मोठे उदाहरण आपल्या निपाणीकडचेच आहे. आचार्य शांतिसागर महाराज 1872 साली जन्मले, दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावरच्या भोज गावी वाढले. तेव्हा त्यांचे नाव सातगौडा. तरुणपणीच त्यांना घर सोडायचे होते. आम्ही असेपर्यंत थांब, असे आई-वडिलांचे म्हणणे पडले आणि ते थांबले. नुसते थांबले नाहीत. घरी राहून व्रते पाळत राहिले. आई-वडील गेल्यावर ते निघाले. 1920 मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा झाली, तेव्हा वय अठ्ठेचाळीसच्या घरात होते. पुढे 1955 साली दृष्टी मंदावली, अहिंसा नीट पाळता येईना, म्हणून कुंथलगिरीला सल्लेखना घेतली आणि छत्तिसाव्या दिवशी देह ठेवला. सल्लेखनेविषयी तुमचे मत काहीही असो. मला विचार करायला लावते ती मधली वर्षे. आई-वडिलांचे ऐकले म्हणून त्यांचा नेम ढळला नाही, आणि नेम पक्का होता म्हणून ऐकणे सुटले नाही.

आपल्या घरांत नेमके उलटे होते. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आपल्याच वेशीवर आहे. परीक्षा जवळ आली की पोट बिघडलेली मुले दवाखान्यात येतात. "इंजिनिअर व्हायचं कुणी ठरवलं?" असे विचारले की काही जण आधी वडिलांकडे बघतात. उत्तर मला तिथेच मिळते. जे ध्येय कुणी त्यांच्या तोंडून ऐकलेच नाही, ते जीव ओतून गाठा म्हणून आपण त्यांच्या मागे लागतो. मीही लागलो आहे, परक्या मुलांच्या नव्हे, घरातल्याच.

त्या मुलीने माझी चूक दाखवली त्या वर्षी मी चातुर्मासापुरता एक नेम केला: पेशंट बोलू लागला की दोन मिनिटे पेन खाली. आजन्म म्हणण्याची छाती नव्हती. पहिल्या आठवड्यात रोज मोडला. प्रतिक्रमणाची सवय होती, म्हणून संध्याकाळी किती वेळा मोडला ते वहीत लिहू लागलो. कार्तिक येईपर्यंत आकडे कमी झाले, संपले नाहीत. मग दुसऱ्या चातुर्मासाला तोच नेम पुन्हा घेतला. अजून दरवर्षी घेतो.

तुम्हीही आज घरी गेल्यावर एवढेच करा. ज्याच्याशी तुमचे अलीकडे फक्त "जेवलास का, आलास का" एवढेच बोलणे होते, त्याला हो-नाहीत न संपणारा एक प्रश्न विचारा आणि दोन मिनिटे गप्प बसा. सल्ला देऊ नका. मुदत महिन्याचीच ठेवा. मोडला तर लिहून ठेवा, आणि सकाळी पुन्हा सुरू करा.

ते गृहस्थ आता कानाला यंत्र लावतात. गेलेले ऐकणे परत आले नाही, पण झोप बरीच सुधारली. त्यांना डाव्या कानाने बरे ऐकू येते, म्हणून मी पेशंटची खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला हलवली. ती अजून तिथेच आहे.