दोनोस्तियाला जाताना



स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर,
फ्रान्सच्या सीमेजवळ,
बास्क लोकांचं एक देखणं शहर आहे.
सान सेबास्तियान.
बास्क भाषेत, दोनोस्तिया.

इथं सुट्टीला जाणार असाल,
तर रोज सकाळी भरती-ओहोटीची वेळ पाहा.

ला कोंचा हा शहराचा चंद्रकोरीसारखा किनारा.
ओहोटीला तो छान रुंद होतो.
मग वाळूवरून चालत
शेजारच्या ओंदारेता किनाऱ्यावर जाता येतं.
भरतीला ही वाट पाण्याखाली जाते.

पण भरतीचंही वेगळं सुख आहे!
ओंदारेताच्या पुढे, खडकांत,
एदुआर्दो चिलिदा यांची पोलादी शिल्पं रोवली आहेत.
भरतीच्या वेळी समुद्र खवळला,
की तिथल्या फरशीतल्या छिद्रांतून
वारा आणि पाणी उसळून वर येतं.
मला विचाराल,
तर शहरातली सर्वांत सुंदर जागा हीच.

म्हणून पुन्हा सांगते,
आधी भरती-ओहोटी पाहा.

संध्याकाळी जुन्या शहरात फिरा.
पावावर रचलेले छोटे पदार्थ, पिंचो, तिथं मिळतात.
एका ठिकाणी एकच खा,
आणि पुढच्या ठिकाणी शिरा.
शाकाहारी मंडळींनी मात्र विचारून घ्यावं.

पावसासाठी छत्री उन्हाळ्यातही हवीच.

सप्टेंबरमध्ये इथं मोठा चित्रपट महोत्सव भरतो.
तेव्हा जायचं असेल,
तर राहण्याची सोय खूप आधी करा.