पाणी किती घ्यायचं?

मागच्या भागात माल्ट भरडण्याबद्दल बोललो, आज पाणी. आधी एक खुलासा. मी अमेरिकेत, पोर्टलंडला राहतो. इथे १९७८च्या कायद्यामुळे स्वतःपुरती बिअर घरी बनवता येते. महाराष्ट्रात विनापरवाना बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्यांनी नुसतं ऐका.

तर, दोन वर्षांपूर्वी सासरे पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांच्यासाठी पाच किलो माल्टचा घाट घातला. उकळून २२ लिटर उरायला हवं होतं. मॅश झालं, गोड रस काढला, मग चोथ्यावर गरम पाणी सोडलं, म्हणजे स्पार्ज. पाणी तापलेलंच होतं, म्हटलं वाया कशाला घालवा? ओततच गेलो. शेवटी भांड्यात २७ लिटर! ग्रॅव्हिटी १.०५० हवी होती, आली १.०४१. महिन्याभराने सासऱ्यांनी एक घोट घेतला. "जावईबापू, यात सोडा घातलाय का?"

पाणचट तर होतीच, वर तुरट. चहाचा चोथा दुसऱ्यांदा उकळला की होतो ना, तसाच प्रकार. साखर संपत आली की रसाचा पीएच चढतो आणि सालपटांतलं टॅनिन उतरायला लागतं. म्हणून उतरणारा रस १.०१०च्या आसपास आला की थांबायचं. स्पार्जचं पाणीही ७७ अंश सेल्सिअसच्या वर नको.

आता मी हिशेब शेवटाकडून करतो. थंड झाल्यावर २२ लिटर हवंय. उकळतं पाणी थंड होताना साधारण चार टक्के आकसतं, म्हणून गरम असताना २३. माझ्या भांड्यातून तासाला चार लिटर वाफ जाते, म्हणजे उकळायच्या आधी २७. चोथा किलोमागे अंदाजे लिटरभर पाणी पितो, ते पाच. मॅशच्या भांड्याच्या तळाशी एक लिटर अडकतं. एकूण ३३. त्यातलं मॅशला किलोमागे तीन, म्हणजे १५ लिटर. उरलेलं १८ स्पार्जला. बस्स.

यातला वाफेचा आकडा माझा आहे हं, तो उचलू नका. भांडं रुंद की अरुंद, शेगडी केवढी, यावर तो बदलतो. एकदा नुसतं पाणी तासभर उकळून मोजा. मी लाकडी पळीवर दर दोन लिटरला खूण केलीय. बायको म्हणते पळीची वाट लावली, पण तेव्हापासून मोजमाप चुकलेलं नाही. सासरे डिसेंबरात पुन्हा येतायत.